करण्यात आले

निवृत्त झाल्यावर दीड महिन्यानं मी दोनशे पानी वही आणली. पहिलं पान कोरं सोडलं आणि दुसऱ्या पानावर, समास आखून, लिहिलं:

‘दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर, ता. पाटण, जि. सातारा येथे भूकंपाचा तीव्र धक्का बसला. सदर भूकंपात राहत्या घराची भिंत कोसळून आजी मयत झाली. तिला ढिगाऱ्याखालून बाहेर काढण्यात आले.’

वाचून पाहिलं. तिन्ही वाक्यं बिनचूक होती, एकही शब्द खोटा नव्हता. पण त्यात आजी नव्हती, आई नव्हती, आणि मी तर कुठंच नव्हते. वही मिटून कपाटात ठेवली ती तीन महिने बाहेर काढली नाही.

लिहिण्याची ओढ मला लहानपणापासून. वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद सरळ करून वाचायचा आणि त्यावरचा मजकूर जिथं फाटलेला असेल तिथून पुढं आपण लिहायचा, हा माझा चौथी-पाचवीतला खेळ. शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं. जाड कागद, रंगीत शाई, वर मुलांनीच काढलेलं सरस्वतीचं चित्र. माझं अक्षर चांगलं म्हणून गुरुजी इतरांचे निबंध आणि कविता माझ्याकडं उतरवायला द्यायचे. नववीत असताना अख्खं हस्तलिखित माझ्या अक्षरात होतं आणि त्यात माझा स्वतःचा एकही मजकूर नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अक्षर आपलं आहे म्हणजे लिहिणं आपलंच आहे, अशी माझी समजूत होती. पुढं ती समजूत सदतीस वर्षं टिकली.

शाळा संपल्यावर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, कऱ्हाडला टायपिंग आणि लघुलेखनाच्या क्लासला घातलं. मराठी लघुलेखनाच्या परीक्षा साठ, ऐंशी, शंभर, एकशेवीस अशा चढत जातात. मिनिटाला इतके शब्द कानानं घ्यायचे, वहीत खुणांनी उतरवायचे आणि मग टंकलेखन यंत्रावर पूर्ण वाक्यांत बसवायचे. १९७९ साली मी शंभराची पास झाले, १९८० मध्ये सरकारी नोकरीला लागले आणि एकशेवीसची नोकरी करता करता काढली. साताऱ्याला बदली झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली. ३१ मे २०१७ ला निवृत्त झाले.

हे काम मी मनापासून केलं. साहेब खुर्चीत मागं रेलून बोलू लागले की त्यांचं अर्धवट सोडलेलं वाक्य कुठं संपणार आहे ते मला त्यांच्या आधी कळायचं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सदर प्रकरणी’, ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’, अशा शब्दसमूहांना आमच्या लिपीत एकेकच खूण असते, पेन्सिल न उचलता काढायची. यंत्रावर मूळ प्रत आणि खाली चार कार्बन. पाचवी प्रत वाचता यावी म्हणून कळा जोरात मारायच्या. पुष्कळ प्रती काढायला मेणकागदाची स्टेन्सिल कापायची असली की रिबन बाजूला करायची, आणि चूक झाली तर लाल करेक्शन फ्लुइड लावून वाळेपर्यंत फुंकर घालायची.

कार्यालयीन मराठीला लोक नावं ठेवतात ते मला आवडत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीत आणण्यासाठी कितीतरी माणसांनी खपून ती भाषा घडवली. पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश आमच्या टेबलावर नेहमी उघडे असायचे. आदेशात माणूस नसतोच, अधिकार असतो. ‘मी तुमची बदली करतो’ असं कुणी लिहीत नाही, ‘आपली बदली करण्यात येत आहे’ असंच लिहितात, आणि ते बरोबर आहे. उद्या तो अधिकारी बदलला तरी आदेश टिकायला हवा. माझी अडचण भाषेची नव्हतीच. ती भाषा सोडून माझ्याकडं दुसरी उरली आहे का, हा प्रश्न होता.

मधल्या काळात मी स्वतःचं काही लिहिलंच नाही असं नाही. १९८३ साली एक कथा लिहून एका मासिकाला पाठवली, सोबत पत्ता लिहिलेलं आणि तिकिटं लावलेलं पाकीट जोडून. दोन महिन्यांनी त्याच पाकिटातून ती ‘साभार परत’ अशा छापील चिठ्ठीसह आली. पाकिटावर माझंच अक्षर पाहून सासूबाईंनी विचारलं, “तुझं तूच पत्र पाठवलंस का?” मी हो म्हणाले. त्यानंतर कुठं पाठवलं नाही.

पण डिक्टेशनच्या वह्यांच्या मागच्या पानांवर मी लिहीत राहिले. साहेब फोनवर बोलत असले की मी समोर पेन्सिल घेऊन बसलेली असायची. त्या दोन-चार मिनिटांत वही उलटी करायची आणि चार ओळी लिहायच्या, खुणांच्याच लिपीत. आजूबाजूला कुणी पाहिलं तरी कामाचंच वाटायचं. अशा चौदा वह्या मी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या.

तीन महिने वही बंद राहिल्यावर एका दुपारी मी ती ट्रंक काढली. वाटलं होतं, आपलंच लिहिलेलं आहे, भराभर उतरवून काढू. तसं झालं नाही. लघुलेखनात व्यंजनाला रेघ असते. स्वर म्हणजे त्या रेघेच्या कडेला दिलेला ठिपका नाहीतर बारीक रेघ. वेग वाढला की हात स्वर गाळतो, कारण वाक्य डोक्यात ताजं असतं आणि तासाभरात टाइप करायचं असतं. तीस वर्षांनी वाचायचंय म्हणून कुणी लघुलेखन करत नाही. त्यात ‘क’ची रेघ पातळ आणि ‘ग’ची तीच रेघ ठळक, ‘प’ पातळ आणि ‘ब’ ठळक. पेन्सिल पुसट झाली की पातळ काय आणि ठळक काय?

एक ओळ अशी होती: ‘मनातला काळ उपसायला हवा’. त्यावर अर्धा तास थांबले. काळ कसा उपसणार? मग वही खिडकीशी नेली, पान तिरपं धरलं, आणि कागदावर पेन्सिलीच्या दाबाचा वळ दिसला. रेघ ठळक होती. ‘गाळ’. १९८९ सालची वही. तेव्हा मी तीस वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, घरी पाहुणे. कशावरून लिहिलं असेल ते काही आठवत नाही. पण त्या दाबावरून कळलं की जोर देऊन लिहिलं होतं.

सगळं उतरवायला मला अख्खा हिवाळा लागला. काही पानं लागलीच नाहीत. काही लागली ती साधी होती: कार्यालयाच्या खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्यावर चारच्या सुमाराला उन्हाचा रंग कसा बदलतो, नवा शिपाई पाण्याचा पेला ठेवताना आवाज होऊ नये म्हणून कसा वाकतो, मुलीच्या तापात रात्री घड्याळ किती मोठ्यानं वाजतं. पण एक गोष्ट मला लख्ख दिसली. मागच्या पानांवरच्या वाक्यांत ‘मी’ होता. ‘मी पाहिलं’, ‘मला राग आला’, ‘मी बोलले नाही’. एकाच वहीच्या पुढच्या पानांवर ‘करण्यात आले’ आणि मागच्या पानांवर ‘मी’. म्हणजे ती दुसरी भाषा होती माझ्याकडं. उलट्या बाजूनं का होईना, होती.

टायपिंगचंही नव्यानं शिकावं लागलं. माझी बोटं जुन्या यंत्राला सरावलेली. त्यावर ण, श, ध, भ ही अक्षरं आधी अर्धी उमटवायची आणि पुढं काना मारून पुरी करायची. ऱ्हस्व वेलांटी कागदावर जशी अक्षराच्या आधी दिसते तशी आधी मारायची, मग अक्षर. मुलानं दिलेल्या लॅपटॉपवरच्या इनस्क्रिप्ट कळफलकात बरोबर उलटं: आधी अक्षर, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमानं. ‘दिवस’ लिहायला गेले की वेलांटी आधी पडून एकटीच लोंबायची. सुनेनं फोनवर बोलून टाइप करायला शिकवलं. शब्द चांगले उठत होते. पण कुणीतरी माझं डिक्टेशन घेतंय म्हटल्यावर माझ्या तोंडून आपोआप ‘सदर’ आणि ‘सबब’ यायला लागलं, साहेबांसारखं. ते मी बंद केलं. आता पहिला खर्डा पेन्सिलीनं वहीत लिहिते आणि नंतर टाइप करते.

मग भूकंपाच्या पानाकडं परत आले. तोवर २०१८ चा मार्च उजाडला होता. पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ ठरवली. रीत अशी बसवली की काल लिहिलेलं पान घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक ‘ण्यात आले’खाली लाल पेन्सिलीनं रेघ मारायची आणि समासात विचारायचं, ‘कुणी?’ पहिल्या दिवशी एका पानात नऊ रेघा आल्या. उत्तरं मिळत गेली तसं पान बदलत गेलं. ‘तंबू देण्यात आले’, कुणी दिले? ‘जखमींना हलविण्यात आले’, कुणी हलवलं, कशातून? त्या भूकंपात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. हा आकडा मला पुस्तकातून मिळाला. पण आमच्या चाळीतून कोण कोण गेलं ते पुस्तकात नव्हतं. काही प्रश्नांची उत्तरं मला ठाऊकच नव्हती. तेव्हा मी साडेआठ वर्षांची, तिसरीत होते.

आई माझ्या धाकट्या भावाकडं कऱ्हाडला असते. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. कान मंद, बाकी सगळं शाबूत. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी वही घेऊन गेले आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवू लागले. ‘आजीला ढिगाऱ्याखालून बाहेर काढण्यात आले’ इथवर आले आणि तिनं हात वर केला.

“काढण्यात कसलं आलंय?” ती म्हणाली. “म्या काढली. ह्या हातांनी. पयला मोठा धोंडा हलंना, तवा मुसळ घातलं खाली. तुझं अण्णा रातपाळीला. कोण येतंय काढाया?”

मी पेन्सिल उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा आईचं डिक्टेशन खुणांच्या लिपीत घेतलं. ती थांबत, मागंपुढं होत बोलत होती. दोन दुपारी पुरल्या. वेळेचं मी विचारलं तर चार-एकवीस तिला माहीत नव्हतं. म्हणाली, “कोंबडं आरवलं न्हवतं. दत्तजयंती तोंडावर आली हुती. थंडी अशी, की आत्याबाई गेल्यावर त्यांच्या अंगावर गोधडी घातली म्या. त्यांना काय थंडी वाजनार हुती? पर घातली.” आजीला, म्हणजे तिच्या सासूला, ती आत्याबाई म्हणायची.

पहिल्यांदा, असं वर लिहिलं खरं, पण परतताना एसटीत बसले आणि आठवलं की ते पहिल्यांदा नव्हतं.

भूकंपानंतर आम्ही कऱ्हाडला मामाकडं आलो. अण्णा कामावर कोयनेलाच राहिले. नातेवाइकांना कळवायचं होतं. मामानं कार्डं आणली आणि मला पाटावर बसवलं. आई सांगत होती आणि मी लिहीत होते. ती म्हणाली, “आत्याबाई गेल्या. म्या एकटीनं दगडं काढली, असं लिही.” मामा शेजारी होता. तो म्हणाला, “तसलं नको लिहू, लोकांना घोर लागंल. ‘बाहेर काढले’ एवढंच लिही.” मी तसंच लिहिलं. ‘आजी वारली. बाहेर काढले. बाकी सर्व सुखरूप.’ अकरा कार्डं, सगळ्यांवर तेच. अकराव्या कार्डावर अक्षर फार छान आलं म्हणून मामानं मला शाबासकी दिली, तीही आठवली.

मामा वाईट नव्हता. त्यानं आम्हांला वर्षभर सांभाळलं. पण एसटी उंब्रजला थांबली तरी मी खिडकीबाहेर पाहत नव्हते. आईचं नाव त्या वाक्यातून माझ्याच हातानं निघालं होतं, आणि तेव्हापासून मी ते वाक्य लिहीत आले होते.

घरी येऊन आईचा भाग लिहिला तो एका आठवड्यात. तिची भाषा तशीच ठेवली, एक शब्द सुधारला नाही. ‘म्या’चं ‘मी’ केलं नाही. सदतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात घालवलेल्या बाईला हे सोपं गेलं नाही, हात सारखा शिवशिवायचा.

माझा भाग राहिला होता.

मी आणि आजी आतल्या खोलीत झोपायचो, मागच्या भिंतीला लागून. आजी पहाटे उठून जात्यावर बसायची. गिरणी होती तरी भाकरीचं पीठ ती घरीच दळायची. त्या रात्री जमिनीतून घरघर आली तेव्हा अर्ध्या झोपेत मला वाटलं, आजीनं जातं धरलं. मग हात लांबवला तर आजी शेजारीच. तिच्या अंगावरची गोधडी हाताला लागली. जातं फिरतंय आणि आजी इथं आहे, एवढं मला कळलं. त्यापुढचं वाक्य मी दोन महिने लिहीत होते.

पहिल्या खर्ड्यात होतं, ‘मला बाहेर नेण्यात आले.’ लाल रेघ मारली. कुणी? आई तर पुढच्या खोलीतून भावाला उचलून आधीच अंगणात गेली होती. दुसऱ्या खर्ड्यात, ‘सगळे बाहेर पळाले.’ सगळे कोण? आत आम्ही दोघीच होतो. तिसऱ्यात, ‘आम्ही पळालो.’ आजी पळाली नव्हती. प्रत्येक वेळी पान फाडायचं नाही, असं मी ठरवलं होतं, म्हणून ते तिन्ही खर्डे वहीत आहेत. मे महिन्यात एका पहाटे, वळवाचा पाऊस होऊन गेला होता, लाइट गेली होती, मी मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं:

‘मी पळाले. आजीच्या अंगावरून पाय टाकून पळाले. तिला हाक मारली नाही.’

पन्नास वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. लिहून झाल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भूक लागली. मी उठून रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि परत येऊन बसले. त्यानंतरची चार पानं एका बैठकीत झाली, आणि सकाळी पाहिलं तर त्यांत एकही लाल रेघ मारायला जागा नव्हती.

जूनमध्ये सगळं टाइप करून, मोठ्या अक्षरात छापून कऱ्हाडला घेऊन गेले. आईच्या कानाजवळ बसून वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. तिची वाक्यं आली की ओठ हलायचे. ‘मी पळाले’ आलं तेव्हा माझा आवाज बारीक झाला. तिनं “मोठ्यानं वाच” म्हटलं. मी ते वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचलं. तिनं काही म्हटलं नाही, डोळे उघडले नाहीत. मी पुढं वाचत गेले, मुसळ, धोंडा, गोधडी, थेट शेवटपर्यंत.

बराच वेळ गप्प राहून तिनं विचारलं, “कंदिलाचं लिवलं न्हाईस?”

“कुठला कंदील?”

“अगं, कॉलनीतली लाइट गेली समदी. चांद मावळलेला. मग म्या दगडं बघून काढली ती कशाच्या उजेडात? तू धरला हुतास कंदील. हात कापत हुता तुझा, पर धरला हुतास. उजाडंस्तवर.”

मी पुष्कळ आठवून पाहिलं. कंदील आठवत नाही. आमच्या घरात कंदील होता, त्याची काच एका बाजूला तडकलेली होती, हे आठवतं. पण तो माझ्या हातात होता हे आठवत नाही, अजूनही नाही. आईला मी तसं सांगितलं.

“तुला न्हाई आठवत, तर माझ्या नावावर लिही,” ती म्हणाली.

पिशवीतून पेन्सिल काढून मी छापील पानाच्या समासात लिहिलं: ‘आई म्हणते, कंदील मी धरला होता.’